धाक मोजायचा कसा?

पश्चिम बंगालमध्ये २०१८ च्या मे महिन्यात पंचायतींच्या निवडणुका झाल्या. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद मिळून जागा होत्या ५८,६९२. त्यांतल्या २०,०७६ जागांवर मतदानच झाले नाही. रिंगणात एकच उमेदवार उरला आणि कायद्याप्रमाणे तो विजयी ठरला. दर तीन जागांमागे एका जागेचा निकाल १४ मे उजाडण्याआधीच लागला होता. बीरभूम जिल्हा परिषदेच्या ४२ जागांपैकी तर जवळजवळ सगळ्या अशाच गेल्या. मतदानाच्या दिवशी तिथल्या कित्येक गावांत रांग लागली नाही, बाचाबाची झाली नाही, बंदोबस्ताला फारसे कामही पडले नाही.

केवळ मतदानाच्या दिवशी आलेल्या निरीक्षकाने अशा जिल्ह्याचा अहवाल लिहिला तर तो काय लिहील? अनुचित प्रकार आढळला नाही, वातावरण शांत होते. प्रत्येक वाक्य खरे आणि अहवाल साफ खोटा. या प्रकरणात मला सांगायचे आहे ते इतकेच, की स्थानिक निवडणुकीतला धाक शोधायला मतदानाच्या दिवशी जाणारा माणूस उशिरा पोहोचलेला असतो. त्याने बसायला हवे अर्ज भरण्याच्या टेबलापाशी आणि माघारीच्या दिवशी कचेरीच्या आवारात. निकालानंतरच्या महिन्यांत त्याने वस्तीवरच्या नळाजवळ, रेशनच्या दुकानात आणि मुकादमाच्या दारात चक्कर मारायला हवी.

बंगालमध्ये पंचायतीचे अर्ज प्रामुख्याने गटविकास अधिकाऱ्याच्या कचेरीत भरले जातात. राज्यात असे साडेतीनशेच्या आसपास गट आहेत. एका गटाची कचेरी एकच, तिथे जाणारे रस्ते एक-दोन, अर्जाचे दिवस ठरलेले आणि वेळही ठरलेली. धाक घालणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. मतदानकेंद्रे अर्ध्या लाखाच्या आसपास असतात, तिथे पोलीस असतात, कॅमेरे असतात, शेकडो माणसे रांगेत असतात. त्यापेक्षा साडेतीनशे दारे अडवणे कितीतरी स्वस्त पडते. अर्जच पोहोचला नाही तर मतदाराला धमकावण्याचा खर्चही वाचतो. त्या वर्षी विरोधकांना अर्ज का भरता येत नाहीत असे पत्रकारांनी विचारले, तेव्हा तेव्हा राज्यात सत्तेवर असलेल्या तृणमूल काँग्रेसचे बीरभूममधले तत्कालीन जिल्हाध्यक्ष अनुब्रत मंडल यांनी, रस्त्यावर विकास उभा आहे, अशा आशयाचे उत्तर दिले होते. ज्येष्ठ कवी शंख घोष यांनी त्यावर कविता लिहिली, आणि मंडल यांनी जाहीरपणे कवीचीच टिंगल केली.

याच निवडणुकीत दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातल्या भांगडमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. वीज उपकेंद्राच्या विरोधात आंदोलन करणाऱ्या तिथल्या जमीन समितीच्या नऊ जणांना कचेरीपर्यंत पोहोचता येईना, म्हणून त्यांनी आपले अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून दिले. कोलकाता उच्च न्यायालयाने ते स्वीकारायला लावले. समितीचे पाच जण निवडून आले. ज्यांना दारातून आत येऊ दिले जात नव्हते त्यांना मतदार मते द्यायला तयार होते, एवढे तरी यावरून कळले. उरलेल्या वीस हजार जागांवर काय झाले असते, हे मात्र कधीच कळणार नाही.

राज्य निवडणूक आयुक्तांनी त्या वर्षी ९ एप्रिलच्या रात्री अर्ज भरायची मुदत एका दिवसाने वाढवली आणि १० एप्रिलच्या सकाळी तो आदेश मागे घेतला. उच्च न्यायालयाने ही माघार रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बिनविरोध जागांचा आकडा ऐकून न्यायमूर्तींनीही सुनावणीत चिंता व्यक्त केली. पण २४ ऑगस्ट २०१८ च्या निकालात न्यायालयाने निवडणूक रद्द करायला नकार दिला. ज्याला अडवले गेले त्याने आपापल्या जागेसाठी निवडणूक याचिका करावी, राजपत्रात निकाल प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांची मुदत मिळेल, असे सांगितले. अर्ज भरू न दिल्याचा आरोप हा पुराव्याने शाबीत करायचा मुद्दा आहे, नुसत्या एकूण आकड्यावरून तो शाबीत होत नाही, ही त्यामागची भूमिका.

कायद्याच्या दृष्टीने ती चूक म्हणता येणार नाही. पण अडवलेल्या माणसाच्या बाजूने बघा. अर्जच घेतला गेला नसेल तर पोच नाही. पोच नाही म्हणून सरकारी दफ्तरी तो माणूस उमेदवार नाही. त्याने रस्त्यावर मार खाल्ला असेल तर त्याचा साक्षीदार त्याचाच शेजारी, आणि त्या शेजाऱ्याला तिथेच राहायचे आहे. वीस हजारांचा आकडा न्यायालयाला पुरला नाही, कारण त्या आकड्याखाली जागावार, तारीखवार, साक्षीसह केलेली नोंद नव्हती. देखरेख करणाऱ्यांचे काम इथे सुरू होते, आणि ते निवडणूक जाहीर झाल्याच्या दिवशी सुरू व्हावे लागते.

याच्या शेजारी चंदीगड ठेवून पाहा. ३० जानेवारी २०२४ रोजी तिथल्या महापौरपदाच्या निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवल्या. तो मतपत्रिकांवर खुणा करताना समोरच्या कॅमेऱ्यात दिसला. सर्वोच्च न्यायालयाने तीन आठवड्यांत निकाल फिरवला. त्या पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते, आणि २०१८ च्या बंगालच्या पीठातही ते होते. न्यायाधीश तेच, संविधान तेच. आठ मतांचा पुरावा कॅमेऱ्यात होता, वीस हजार जागांचा कुठेच नव्हता.

मग ही नोंद करायची कोणी? पहिले उत्तर अर्थातच राज्य निवडणूक आयोग. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडणुका या स्वतंत्र आयोगाकडे दिल्या. दिल्लीचा निवडणूक आयोग वेगळा आणि हा वेगळा. टीव्हीवर ज्यांच्या पत्रकार परिषदा दिसतात त्यांचा आपल्या ग्रामपंचायतीशी संबंध नसतो, हे आजही अनेक सुशिक्षितांना ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले की आपापल्या क्षेत्रात राज्य आयोगाचे अधिकार दिल्लीच्या आयोगाइतकेच आहेत. कागदावर हे भक्कम आहे. पण आयुक्त नेमला जातो राज्य सरकारच्या सल्ल्याने, बहुधा निवृत्त सनदी अधिकाऱ्यांमधून. निवडणुकीपुरता कर्मचारीवर्ग राज्याचा, पोलीस राज्याचे. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याकडूनच माणसे मागून घ्यायची, असा हा मामला.

गोव्याने तर एकदा कळसच केला. राज्याचा विधी सचिव सेवेत असतानाच राज्य निवडणूक आयुक्ताची जबाबदारीही सांभाळत होता. मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पालिकांमधल्या महिलांच्या आरक्षणावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, तेव्हा न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने १२ मार्च २०२१ रोजी निकाल दिला की सरकारी पदावर असलेल्या व्यक्तीला देशात कुठेही राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही. घटनादुरुस्तीनंतर जवळजवळ तीन दशकांनी हे सांगायची गरज पडावी, यातच सारे आले.

आयुक्ताचा कणा किती महत्त्वाचा, हे पाहायला पुन्हा बंगालकडेच जावे लागते. २०१३ मध्ये तिथे मीरा पांडे आयुक्त होत्या. केंद्रीय दले हवीत आणि मतदान टप्प्याटप्प्याने हवे, हा त्यांचा आग्रह राज्य सरकारला मान्य नव्हता. त्यांनी सरकारशी न्यायालयात झुंज दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जुलैमध्ये पाच टप्प्यांत मतदान झाले. हिंसा तेव्हाही झाली, पण बिनविरोध जागा दहा-अकरा टक्क्यांवर राहिल्या. पाच वर्षांनी त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली, त्याच पक्षाच्या राजवटीत एकाच दिवशी मतदान घेतले गेले आणि तो आकडा ३४ टक्क्यांवर गेला.

२०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून पुढे येऊन पाहिले. ८ जुलैच्या मतदानाची घोषणा ८ जूनला झाली आणि अर्ज भरायला दुसऱ्याच दिवसापासून सुरुवात झाली. हाणामाऱ्या आणि मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. हक्क आयोगाने आपल्या तपास महासंचालकांना विशेष निरीक्षक नेमले. त्यांनी संवेदनशील भाग हेरावेत आणि तिथे आयोगाचे निरीक्षक ठेवता यावेत, अशी कल्पना होती. राज्य निवडणूक आयोग याविरुद्ध न्यायालयात गेला, आणि कोलकाता उच्च न्यायालयाने ही नेमणूक रद्द केली. निवडणुकीवरची देखरेख हे निवडणूक आयोगाचे क्षेत्र, तिथे दुसऱ्या आयोगाने शिरू नये, असा त्याचा रोख होता. केंद्रीय दलांबाबत मात्र न्यायालये ठाम राहिली. राज्यभर केंद्रीय दले लावण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला, आणि निवडणूक म्हणजे हिंसेचा परवाना नव्हे अशी समजही दिली. तरीही मतदानाच्या एका दिवसात दहाहून अधिक माणसे मेली, आणि १० जुलैला ६९६ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले.

मला इथे उच्च न्यायालयाची भूमिका तर्काला धरून वाटते आणि तरी अपुरी वाटते. दोन स्वतंत्र यंत्रणांनी एकमेकींच्या पायात पाय घालू नयेत हे खरे. पण अर्ज भरायला निघालेल्या माणसाला रस्त्यात मारले, तर तो निवडणुकीचा प्रश्न की मानवी हक्कांचा? भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे २५ वे कलम मत देणे आणि निवडून येणे या दोन्ही गोष्टींना एकाच दमात हक्क म्हणते. निवडणूक आयोग स्वतः तक्रारीतला पक्षकार झाला की या हक्काचा राखणदार कोण, या प्रश्नाचे उत्तर २०२३ च्या निकालातून मिळाले नाही.

आकड्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना. २०२३ मध्ये बंगालमधल्या बिनविरोध जागांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर उतरले, पण हिंसा उतरली नाही. विरोधात उभे राहणारे वाढले की डोकी फुटण्याचे प्रसंगही वाढतात. उलट सगळे आधीच गप्प बसले असतील तर कोणाला मारायची गरजच उरत नाही. म्हणून मृतांच्या संख्येवरून दहशत मोजणारा फसतो, आणि नुसत्या बिनविरोध जागा मोजणाराही फसू शकतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून, मागच्या दोन-तीन निवडणुकांशी ताडून पाहावे लागतात.

ही बंगालची किंवा एका पक्षाची खासियत आहे असे मानायचे कारण नाही. बंगालमध्येच २००३ मध्ये, डाव्या आघाडीच्या काळात, सुमारे ११ टक्के जागा बिनविरोध गेल्या होत्या आणि कितीतरी माणसे मारली गेली होती. त्रिपुरात भाजपच्या राजवटीत २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नगरपालिकांच्या ३३४ पैकी ११२ जागा बिनविरोध झाल्या. मतदान चालू असताना सर्वोच्च न्यायालयाला जादा केंद्रीय दले पाठवण्याचा आणि पत्रकारांना न अडवण्याचा आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी जुलैत उत्तर प्रदेशात गटप्रमुखांच्या निवडणुकीसाठी अर्ज भरताना लखीमपूर खेरी जिल्ह्यात एका महिलेची भर रस्त्यात साडी ओढली गेली आणि कागद हिसकावले गेले. ते मोबाइलवर टिपले गेले म्हणून देशाला कळले, आणि पोलीस अधिकारी निलंबित झाले. ज्या गटांत मोबाइल निघाला नाही तिथले काय, हा प्रश्न उरतोच.

धाक जातीवर बसवलेला असेल तर त्याची तऱ्हा आणखी वेगळी. तमिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यात १९९६ मध्ये काही पंचायतींचे अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नाट्टारमंगलम या गावांत त्यानंतर तब्बल दहा वर्षे धड निवडणूक झाली नाही. कोणी अर्जच भरायचा नाही, नाहीतर वरिष्ठ मानल्या जाणाऱ्या जातीच्या लोकांनी एक माणूस उभा करायचा, तो निवडून यायचा आणि लगेच राजीनामा द्यायचा. आयोग निवडणूक जाहीर करत राहिला आणि जागा रिकाम्या राहिल्या. पोलीस दफ्तरी गुन्हा नाही, मतदानकेंद्रावर गोंधळ नाही. २००६ मध्ये सरकारने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेटाने प्रयत्न केले तेव्हा कुठे या गावांत अध्यक्ष निवडून आले आणि टिकले.

त्याच जिल्ह्यातल्या मेलवळवूची गोष्ट मात्र रक्ताने संपली. तिथे दलित उमेदवारांनी धमक्यांमुळे आधी अर्ज मागे घेतले. पुढच्या खेपेला मतपेट्याच पळवल्या गेल्या. अखेर १९९६ च्या डिसेंबरअखेरीस पोलीस बंदोबस्तात मतदान होऊन मुरुगेसन अध्यक्ष झाले. निरीक्षकाचे काम इथे संपले असे कोणीही म्हटले असते. ३० जून १९९७ रोजी मुरुगेसन मदुराईहून बसने परतत असताना बस अडवून त्यांना आणि त्यांच्यासोबतच्या पाच जणांना ठार मारण्यात आले. पुढे सतरा जणांना जन्मठेप झाली. त्यांतल्या तेरा जणांना २०१९ मध्ये सरकारने मुदतीआधी सोडले. मतदान आणि हत्याकांड यांच्यामध्ये सहा महिने गेले होते. कोणत्या निरीक्षकाच्या अहवालात ही हत्या निवडणुकीतली हिंसा म्हणून मोजली जाते?

कायद्याने हे उशिरा का होईना ओळखले आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने मतदानाआधीची, पदावर असतानाची आणि मतदानानंतरची अशी तिन्ही प्रकारची दडपणे गुन्हा ठरली. मत न देण्यासाठी किंवा ठरावीक उमेदवाराला देण्यासाठी धाक घालणे, अर्ज भरू न देणे किंवा मागे घ्यायला लावणे, सरपंच-सदस्याला काम करू न देणे, आणि निकालानंतर मत दिल्याचा सूड म्हणून मारहाण किंवा बहिष्कार, हे सारे त्यात स्वतंत्रपणे नमूद आहे. महाराष्ट्राकडे त्याशिवाय २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. रायगडसारख्या जिल्ह्यांत गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याची प्रकरणे गाजली, त्यातून तो आला.

मतदाराचा सूड घ्यायचा तर त्याने कोणाला मत दिले हे कळावे लागते. मतदान गुप्त असते, मग कळते कसे? इथे झिम्बाब्वेची हकीकत सांगण्यासारखी आहे. तिथे २९ मार्च २००८ रोजी अध्यक्षपदापासून स्थानिक परिषदांपर्यंत सगळ्या निवडणुका एकत्र झाल्या. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक केंद्राचा निकाल तिथल्या दारावर लावायचा होता. या कागदांचा नमुना घेऊन स्वयंसेवी निरीक्षकांच्या जाळ्याने स्वतःचा अंदाज बांधला, आणि त्यात विरोधी नेते मॉर्गन चांगिराई पुढे असल्याचे दिसले. अध्यक्षपदाचा अधिकृत निकाल यायला पाच आठवडे लागले. चांगिराई पुढेच होते, पण त्यांची मते निम्म्याहून कमी होती, त्यामुळे दुसरी फेरी आली. दारावरच्या त्या कागदाने निकाल बदलणे अवघड केले. पण कोणत्या गावाने सत्तेवर असलेले अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना मत दिले नाही, हेही त्याच कागदाने सांगितले. पुढचे महिने गावोगावी मारहाणीचे सत्र चालले. त्या मोहिमेला जे नाव पडले त्याचा अर्थ होता, तू मत कोणाला दिलेस? निरीक्षकांच्या कार्यालयावर पोलिसांनी छापा घातला. चांगिराई यांनी २२ जूनला माघार घेतली आणि २७ जूनला मुगाबे एकटेच लढले. त्या काळातली मारहाण जगाला कळली ती बरीचशी डॉक्टरांमुळे. जखमी कुठून आला, कशाने मारले, हाड कुठे मोडले, हे ते लिहून ठेवत राहिले.

आपल्याकडे हाच पेच निराळ्या वेशात आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. मतदानयंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडला. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणारे टोटलायझर वापरावे असा प्रस्ताव दिल्लीच्या निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला, पण केंद्र सरकारला तो पटला नाही. ग्रामपंचायतीत तर टोटलायझरही कामाचे नाही. प्रभागात काहीशे मतदार, केंद्र बहुधा एकच, मिसळायला दुसरे यंत्रच नाही. कोणत्या वस्तीने कोणाला किती मते दिली हे निकालाच्या संध्याकाळी पारावर बसलेला कोणीही बोटांवर सांगतो. एखाद्या माणसाचे मत गुप्त राहते, भावकीचे आणि वस्तीचे राहत नाही.

महाराष्ट्रात धाक सहसा बंदूक घेऊन येत नाही. तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात येतो. उद्यापासून कामावर येऊ नको. सोसायटीचे कर्ज कसे मिळते बघतो. पोराची ऊसतोडीच्या टोळीत नोंद कोण करतो ते पाहू. आणि कधी बेल-भंडारा हातात देऊन शपथ घ्यायला लावतात, की मत अमक्यालाच. गंमत अशी की हे शेवटचे कायद्याने केव्हाच हेरले आहे. दैवी कोपाची भीती घालून मत वळवणे हा इंग्रजांच्या काळापासून दंड संहितेत निवडणुकीतला गैरवाजवी प्रभाव मानला गेला, आणि भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा कायम आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. भंडाऱ्याची शपथ घालणाऱ्यावर गुन्हा नोंदवायला मात्र कोणी पोलीस ठाण्यात जात नाही.

त्यात बिनविरोध निवडणुकीचे आपल्याकडे भलतेच कौतुक. गुजरातने २००१ पासून अशा गावांना अनुदान देणारी समरस योजना चालवली. आपल्याकडे २०२०-२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी आमदारांनी बिनविरोध गावांना लाखोंचा निधी जाहीर केला. भांडणे टळावीत ही त्यामागची इच्छा खोटी नाही. खर्च वाचतो, दोन पॅनेलांत विभागलेले गाव पाच वर्षे धुमसत नाही. पण ज्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवले, त्या बैठकीत बायका किती होत्या, दलितवस्तीतले कोण होते, आणि असले तर बोलले का? १५ जानेवारी २०२१ च्या मतदानाआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले. बोली अनुक्रमे २ कोटी ५ लाख आणि ४२ लाख, पैसे मंदिराच्या कामाला. चित्रफिती पसरल्या, राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी अहवाल मागवले आणि दोन्ही गावांतली निवडणूक प्रक्रिया रद्द केली. हा निर्णय मला महाराष्ट्र आयोगाच्या चांगल्या कामांतला वाटतो. पैशाने जागा रिकामी करवून घेणे आणि धमकीने करवून घेणे यांत मतदाराच्या दृष्टीने फरक नाही. पण इथेही पकडले गेले ते चित्रफीत होती म्हणून.

नोंद कशी करावी याचे शास्त्र जगभरच्या निरीक्षक संघटनांनी तीस-चाळीस वर्षांत घडवले आहे, आणि २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात त्यांनी निरीक्षणाची तत्त्वे एकत्रित जाहीरही केली. त्यातले गावपातळीवर उपयोगी पडेल असे बरेच काही साधेच आहे. विरोधकांना दमदाटी झाली, ही नोंद नव्हे. तारीख, वेळ, ठिकाण, कोण बोलले, शब्द नेमके काय होते, ऐकणारे कोण, हे आले की नोंद होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांकडून खातरजमा झाल्याशिवाय घटना पक्की धरायची नाही. अफवा आणि घटना वेगळ्या वहीत. दोन्ही बाजूंच्या तक्रारी सारख्याच काटेकोरपणे तपासायच्या, कारण धमकावल्याचा कांगावा करणारेही असतातच. दवाखान्यातला जखमेचा कागद, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद, अर्जाची पोच, हे सगळे जपायचे. अदखलपात्र म्हणून हातात दिलेला कागद निरुपयोगी समजून लोक फेकून देतात. त्यावर तारीख आणि वेळ असते, आणि याचिकेत नेमके तेच लागते.

सर्वांत अवघड नियम असा, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या संमतीशिवाय त्याचे नाव कुठेही जाऊ द्यायचे नाही. निरीक्षक गाव सोडून जातो, बोलणारा तिथेच राहतो. उत्साही कार्यकर्ते मोबाइलवर पीडिताचा जबाब घेऊन संध्याकाळपर्यंत तो पसरवून टाकतात. त्यातून बातमी होते, पण दुसऱ्या दिवशी त्या घरी काय होते ते पाहायला कोणी थांबत नाही. नावे एका ठिकाणी, घटना दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही जुळवणारा क्रमांक तिसऱ्याच माणसाकडे, एवढी काळजी तरी घ्यावी.

मुदत मात्र विसरू नये. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निकालाला आव्हान द्यायचे तर निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. तो उमेदवारच करू शकतो असे नाही, त्या मतदारयादीतला कोणताही मतदार करू शकतो. पंधरा दिवसांत पुरावा नव्याने गोळा होत नाही, आधीच हाताशी असावा लागतो.

तुमच्या गावाची किंवा प्रभागाची पुढची निवडणूक जाहीर होईल तेव्हा एक करा. अर्ज मागे घेण्याची मुदत साधारणपणे दुपारी तीनला संपते. त्या दिवशी दोन-चार जणांनी मिळून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत जा. किती अर्ज आले, छाननीत किती बाद झाले, किती मागे घेतले गेले आणि कोणाचे, हे फलकावरून उतरवून घ्या. मागच्या निवडणुकीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागवून त्याशेजारी ठेवा. माघार घेणाऱ्यांत एकाच वस्तीची किंवा फक्त बायकांची नावे दिसली, तर त्यांना घरी जाऊन, चारचौघांत नव्हे, का ते विचारा. सांगायची त्यांची तयारी नसेल तर आग्रह करू नका, पण तारीख मात्र लिहून ठेवा.